पहिल्या नंबरची गॅरंटी देणाऱ्या एसईओवाल्यापासून सावध रहा, आमची साईट पार बसली

ज्यांची स्वतःची साईट आहे आणि जे ती गुगलच्या निकालांत वर आणायला (यालाच एसईओ म्हणतात) कुणाला पैसे देणार आहेत त्यांनी हे नक्की वाचा. आमची साईट जुने कॅमेरे दुरुस्त करण्याबद्दल, लेख सगळे स्वतः लिहिलेले, हळूहळू का होईना लोक येत होते. एका एसईओवाल्याने "पहिला नंबर, लेखी गॅरंटी" म्हणून काम घेतलं, वर गुगलमध्ये आपली ओळख आहे असंही सांगितलं. ही दोन वाक्यं कानावर आली की तिथेच फोन ठेवा. गुगलच्या स्वतःच्या मदतीच्या पानांवर लिहिलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही आणि खास ओळख सांगणाऱ्यांपासून लांब रहा.

दर महिन्याला चकाचक रिपोर्ट यायचा. पहिल्या नंबरवर दाखवलेले शब्द कोणते, तर आमच्याच साईटचं नाव आणि त्याला जोडलेले चारपाच शब्द, असं कोण शोधतं सांगा. मेटा कीवर्डचे, म्हणजे पानाच्या कोडमध्ये टाकलेल्या शब्दांच्या यादीचे, पैसे तर वेगळे लावले होते, आणि गुगलने 2009 मध्येच जाहीर केलंय की रँकिंगसाठी तो टॅग आम्ही बघतच नाही.

मग ट्रॅफिक धाडकन पडलं. विचारलं तर म्हणे गुगलचा अपडेट आलाय, सगळ्यांचंच पडलंय, तुम्ही लिंकचं पॅकेज (दुसऱ्या साईटवरून आपल्याकडे येणाऱ्या विकतच्या लिंक) वाढवा. सर्च कन्सोल, म्हणजे गुगल साईटमालकाला माहिती आणि नोटिसा देतं ते टूल, बघायला मागितलं तर टाळाटाळ, कारण खातं त्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं. डोमेन आमच्या नावावर होतं म्हणून निभावलं, डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंग्जमध्ये) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे गुगलने दिलेला कोड, टाकून मालकी सिद्ध केली आणि आत शिरलो. मॅन्युअल अ‍ॅक्शन्सच्या पानावर (गुगलच्या माणसांनी तपासून दिलेली शिक्षा तिथे दिसते) नोटीस पडलेली, साईटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंकबद्दल, आणि ती आमच्यापासून लपवून हा माणूस आणखी लिंक विकत होता! याचा राग अजून जात नाही.

लिंक कुठल्या, तर जुगाराच्या साईट, बंद पडलेले ब्लॉग, आणि सगळीकडे अँकर टेक्स्ट (ज्या शब्दांवर लिंक असते ते) अक्षर न् अक्षर तोच. होमपेजचा सोर्स उघडला तर तळाशी एक डिव्ह (पानाचा एक तुकडा), सीएसएसने (मांडणी ठरवणाऱ्या कोडने) उणे 9999 पिक्सेल डावीकडे ढकललेला, आत "कॅमेरा दुरुस्ती स्वस्त कॅमेरा दुरुस्ती उत्तम कॅमेरा दुरुस्ती" असं पानभर. स्क्रीनवर काहीच दिसत नाही, पानं वाचणाऱ्या गुगलच्या बॉटला मात्र सगळं दिसतं. साईटमॅपमध्ये (गुगलला दिलेल्या पानांच्या यादीत) वेगवेगळ्या शहरांच्या नावाची पानं सापडली, मजकूर एकच, फक्त नाव बदललेलं, मेनूत कुठेच नाहीत. अशाच डोअरवे पानांसाठी (फक्त शोधात वर यायला बनवलेली पानं) 2006 मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साईट गुगलने काढून टाकली होती, आणि 2011 मध्ये विकतच्या लिंकवरून जेसी पेनी या अमेरिकन दुकानसाखळीला खाली ढकललं. 2012 मध्ये पेंग्विन हा गुगलचा अपडेट आल्यापासून तर लिंकचा हा धंदा अल्गोरिदमच पकडतो. एवढ्या मोठ्यांना सोडलं नाही तर आपल्याला कोण सोडणार, आणि शिक्षा नेहमी डोमेनला होते, एसईओवाला नामानिराळा.

लिंक काढ म्हटलं तर त्याचे वेगळे पैसे मागितले. शेवटी ती पानं आणि तो डिव्ह आम्हीच काढला, जिथे लिंक होत्या त्या साईटवाल्यांना मेल केले, कुणी उत्तर दिलं कुणी नाही, उरलेले डोमेन डिसअव्हाऊच्या फाईलमध्ये (या लिंक धरू नका असं गुगलला सांगणारी यादी) टाकले आणि रिकन्सिडरेशनचा, म्हणजे फेरतपासणीचा, अर्ज केला. पहिला नाकारला, नंतर अ‍ॅक्शन उठली. पण जुना रँक परत आला नाही.

अजून एक, "पेनल्टी काढून देतो" म्हणणारे लगेच मागे लागतात. तो अर्ज फुकट असतो, आणि मॅन्युअल अ‍ॅक्शन नसेल तर अर्जच करता येत नाही, अल्गोरिदममुळे पडलेल्या साईटला नोटीस येत नाही, तिथे पानं सुधारण्याशिवाय इलाज नाही. म्हणून आधी मॅन्युअल अ‍ॅक्शन्सचं पान उघडून बघा, मगच कुणाशी बोला.

आणि आजच्या आज सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये युजर्सची यादी बघा, ओनर म्हणून तुमचाच ईमेल हवा, एसईओवाल्याला साधा युजर म्हणून ठेवा, लिंक कुठे कुठे टाकल्या त्याची यूआरएलसकट यादी दर महिन्याला मागा. काम बंद केलंत तर नुसतं नाव काढून भागत नाही, त्याने व्हेरिफिकेशनसाठी टाकलेली एचटीएमएल फाईल किंवा मेटा टॅगही काढा, नाहीतर तो परत ओनर होऊ शकतो.