टीव्हीमागची काडी : दहा महिने वापरल्यावर

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन महिने जिने बंद सांगितले, तेव्हा ही काडी घेतली. टीव्हीच्या मागे खोचायची, वायफायला जोडायची, की हवं ते ॲप सुरू. कंपनीचं नाव लिहीत नाही, या काड्या साधारण सारख्याच असतात. चित्र स्वच्छ दिसतं. रिमोट मात्र एवढासा आहे की आठवड्यातून एकदा सोफ्याच्या फटीत हात घालावा लागतो. बोलून शोधायची जी सोय आहे, ती आमच्या आईपुढे हात टेकते. "राधिकाची मालिका लाव" म्हटलं की राधाकृष्णाची भजनं लागतात. यंत्राबद्दल एवढंच. खरं सांगायचंय ते त्यावर आम्ही जे पाहिलं त्याबद्दल.

आईने ठरवलं की, आधी अर्धवट पाहिलेल्या मालिका पहिल्या भागापासून पाहायच्या. दुधाच्या हिशोबाच्या वहीची मागची पानं तिने त्यासाठी राखली. रोज निदान चार भाग, आणि जिथे कंटाळा आला तिथे भागाचा आकडा आणि पुढे "पुरे". दहा महिन्यांत "पुरे" बरेच साठले.

सुरुवात 'माझ्या नवऱ्याची बायको'पासून. २०१६ ते २०२१, आठवड्याचे सहा दिवस. मालिका उभी होती एका प्रश्नावर: गुरुनाथचं बाहेरचं प्रकरण राधिकाला कळणार का, आणि कळल्यावर ती काय करणार? नागपूरकडची राधिका, तिची ती बोली, त्यांची सोसायटी, सगळं छान जमलेलं. पण प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी साडेचार वर्षांचा रस्ता पार करायचाच होता. मग राधिका मसाल्यांचा धंदा काढते, गुरुनाथ पुन्हा पुन्हा तेच कारस्थान करतो. मध्येच गुरुनाथची प्रेयसी शनाया साकारणारी नटी बदलली. रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली आणि शेवटी पुन्हा रसिका. रोज एक भाग पाहताना हे सवयीने पचून गेलं होतं. दिवसाला चार पाहिले की सांधे दिसतात. आईच्या वहीत त्या पानावर फक्त "दुसरी" असं लिहिलंय, आणि खाली काही महिन्यांनी, "पहिली परत".

मी तिला म्हटलं, लेखकांची कल्पना आटते. आईला ते पटलं नाही. ती म्हणाली, "अरे, रोज स्वयंपाक करून बघ." मग मी हिशोब मांडला. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटं उरतात. सहा भागांची झाली १३२ मिनिटं. म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा लिहायचा, शूट करायचा, संकलित करून चॅनेलला पोचवायचा, तोही वर्षानुवर्षं. हाताशी आधीच शूट केलेल्या भागांची बँक नसेल तर आज शूट केलेलं परवा टेलिकास्ट. नट आजारी पडला, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला सिनेमा मिळाला, की ट्रॅक तिथल्या तिथे वळतो. त्यात दर गुरुवारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे येतात. पुण्यात गुरुवार म्हणजे पाणी बंद. मालिकावाल्यांच्या गुरुवारी पाणी उलट वाढतं. ज्या प्रसंगाला टीआरपी आला तो पुढच्या आठवड्यात लांबतो. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीच्या लांबतच गेलेल्या गरोदरपणावर तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले, ते उगाच नाही.

आणि चालू मालिका बंद करणं कुणालाच परवडत नाही. सेट उभा आहे, लोकांना वेळ पाठ आहे, जाहिरातदार बांधलेले आहेत. नवी मालिका म्हणजे पहिल्यापासून जुगार. गोष्ट संपली तरी स्लॉट संपत नाही, आणि माझ्या मते दुखणं तिथेच आहे.

हे फक्त आपल्याकडे होतं असं मला वाटायचं. भाच्याने आग्रहाने 'गेम ऑफ थ्रोन्स' ही ड्रॅगनवाली इंग्रजी मालिका दाखवली. (आई पंधरा मिनिटांत उठून गेली, कारण लिहायला नको.) पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे. म्हणजे वर्षभरात जेवढं ते दाखवायचे, तेवढं आपली दैनंदिन मालिका जेमतेम पाच आठवड्यांत दाखवते. तरीही शेवट घसरला. मूळ कादंबरीमालेचा पाचवा खंड २०११मध्ये, मालिका सुरू झाली त्याच वर्षी आला आणि सहावा काही आलाच नाही. पुस्तक संपलं तिथे पायवाट संपली. सातवा सीझन सात भागांचा, आठवा सहा. आपल्याकडे आमटीत पाणी घालून पंगत उठवतात, त्यांनी पंगत बसलेली असतानाच पातेली उचलली.

याउलट 'रात्रीस खेळ चाले'. २०१६च्या पहिल्या पर्वाची सुरुवातच कुटुंबप्रमुख अण्णा नाईकांच्या मृत्यूने होते, आणि २०१९चं दुसरं पर्व त्याच्या आधीची गोष्ट सांगतं. म्हणजे अण्णा शेवटी जाणार हे शेंबड्या पोरालाही माहीत. तरी ते पर्व आम्ही दोघांनी अधाशासारखं पाहिलं. लेखकाला जायचं कुठे हे ठाऊक होतं, म्हणून माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि त्याची प्रेयसी शेवंता यांना आरामात फुलायला जागा मिळाली. २०२१मध्ये तिसरं पर्व आलं. त्याच्यापुढे वहीत "पुरे" आहे, आणि आकडा फार मोठा नाही.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' मात्र एकही "पुरे" न होता पार पडलं. आठवड्याला एक भाग, घरातली एक छोटीशी भानगड, ती त्याच भागात मिटते. ताणायला धागाच नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मताविरुद्ध गेली, ती सांगितली पाहिजे. रोजच्या मालिकांचे सुरुवातीचे भाग आठवणीत होते तितके घट्ट नव्हते. त्यातही प्रत्येक धक्क्याला तीन चेहरे तीन-तीनदा, आणि काल काय झालं ते आज संवादात पुन्हा. मी वैतागून दहा-दहा सेकंद पुढे ढकलायला लागलो, तर आईने रिमोट काढून घेतला. म्हणाली, "तू बसून बघतोस म्हणून तुला पुन्हा वाटतं. मी तेव्हा पोळ्या लाटत ऐकायचे."

आता गुडघा बरा आहे. सात वाजले की ती काडी काढायला लावते आणि सेट-टॉप बॉक्सवर सध्या चालू असलेली एक मालिका पाहते. मागच्याच महिन्यात तिच्या नावापुढे तिने स्वतः "पुरे" लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाली, "मग पोळ्या करताना काय लावू? तुझे ते ड्रॅगन?"

पॅकचं नूतनीकरण पुढच्या आठवड्यात आहे. दोन ॲप्स बंद करतोय, एक ठेवतोय. काडीला पाचपैकी चार, एक रिमोटसाठी कापला.