४३,५०० रुपयांचं मक्याचं पीठ

२६ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. खोटी नोट बोटाला लागली की कळायची. तोच मी शेततळ्यातल्या माशांचं व्हिटॅमिन म्हणून मक्याचं पीठ घेऊन बसलो. भावकीत कुठं बोलू नका, अशी घरात ताकीद आहे. म्हणून लिहूनच काढतो.

असलं विकणाऱ्यांची रीत ठरलेली: आधी फुकट तपासणी, मग भीती, मग 'आजच्या दिवसापुरती स्कीम'. नोव्हेंबरात व्हिटॅमिन विकणारा एक पोरगा आला. शेततळ्यात जाळं टाकून चार रोहू काढले, एकाच्या पाठीवर लाल चट्टा दाखवला. "तात्या, यांची प्रतिकारशक्ती संपलीय. थंडीत सगळं तळं मरतंय." व्हिटॅमिनचे १८ डबे घेतले, २,३५० प्रमाणे ४२,३००. वर गाडीभाडं १,२००.

अर्धं तो खरंच बोलत होता, तिथंच मी फसलो. रोहू-कटल्याला क जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही, खाद्यातूनच द्यावं लागतं. कमी पडलं की जखम भरत नाही, कणा वाकतो, मासा रोगाला लवकर बळी पडतो. हे मी वाचलेलं होतं, म्हणून मान डोलावत बसलो. काहीच वाचलं नसतं तर कदाचित वाचलो असतो.

आता लाजेचा तो क्षण. पहिला डबा फोडल्यावर चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली. डब्यावर छापलंय 'एस्कॉर्बिक ॲसिड'. म्हणजे लिंबासारखी आंबट लागायला हवी. लागली गुळचट, वर टाळूला चिकटली. विचारलं, तर म्हणतो, "कोटेड आहे तात्या, माशाला आंबट चालत नाही." आणि मी हसलो! त्या हसण्याचीच लाज वाटते, पैशांपेक्षा जास्त.

शिवाय सांगितलं काय, तर भुकटी थेट पाण्यात फेका. अहो, क जीवनसत्त्व पाण्यात विरघळून वाया जातं. तेलाचा हात लावून खाद्याला चोळायचं असतं. तळ्यात फेका म्हणणाऱ्याला बांधावरूनच परत पाठवा.

डिसेंबरात ६४० मासे मेले, मोजून पुरले. पुतणी बारावीला आहे. तिनं दोन पेल्यांत आयोडीनचे थेंब टाकले. एकात लिंबू पिळलं, त्यातल्या क जीवनसत्त्वानं रंग उडाला. दुसऱ्यात माझी भुकटी टाकली, पाणी शाईसारखं काळंनिळं. "काका, हे तर स्टार्च आहे, पीठ." घरात बाटली असेल तर पैसे देण्याआधी करा हे. आणि चट्टे पडल्यावर अस्सल व्हिटॅमिननंही मासा बरा होत नाही. आधी रोग कुठला ते तपासून घ्या.

मग सुरू झाल्या चकरा. मत्स्य खात्यातले म्हणाले, हे औषध, आमच्याकडं येत नाही. औषध खात्यातले म्हणाले, हे खाद्य. पोलीस ठाण्यात तीन तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, धंद्यातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. एका बाबूनं तर कमालच केली: "तुम्ही व्यापारी, ग्राहक कसले?" २०१९ च्या ग्राहक कायद्यात पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला ग्राहकच धरलंय, हे त्याला मी सांगायचं! पगार मात्र तो घेणार. वर प्रत्येकाचा एकच प्रश्न, "बिल कुठंय?" बिल म्हणजे कोऱ्या पावतीवर हातानं लिहिलेला आकडा. बॅच नंबर नाही, जीएसटी नाही. प्रवाशाला तिकिटाशिवाय उतरू न देणारा मी, स्वतः पक्क्या पावतीशिवाय ४३,५०० मोजून मोकळा. निदान १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, पहिल्याच आठवड्यात फोन करा. मी दोन महिने लाजेत घालवले.

त्या पोराचा नंबर अजून चालू आहे, माझा उचलत नाही. परवा त्याच्या स्टेटसला फोटो दिसला: माझं तळं, माझे डबे, आणि मधोमध हसणारा मी. खाली लिहिलंय, 'समाधानी शेतकरी'.