कोणता खेळ घ्यायचा? आधी त्यातल्या जिवांचं ताट बघा

चित्रविचित्र जीव पकडून गोळा करायचे खेळ निवडताना बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात: एकूण जीव किती आणि लढाई कशी. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. पकडलेला जीव खातो काय, आणि तो घास त्याच्या तोंडापर्यंत पोचवायला मला काय काय करावं लागतं? रोजचा वेळ कशात जाणार हे लढाईपेक्षा या उत्तरातून लवकर कळतं. काही खेळांत प्रत्येक जिवाला स्वतःची आवडनिवड असते. काहींत आवड त्या जातीची असते, एकट्या जिवाची नाही. काहींत आवडीला फारशी किंमतच नसते, पोट किती मोठं एवढंच मोजलं जातं. या तिन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

पोकेमॉनपासून सुरुवात करू, कारण या एकाच मालिकेत खाण्याच्या तऱ्हा सारख्या बदलत आल्या आहेत. त्यामुळे 'पोकेमॉन घ्यायचा' एवढं ठरवून भागत नाही, कोणता ते ठरवावं लागतं.

बेरी आल्या त्या १९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये. पण तेव्हा त्या औषधासारख्या होत्या: लढाईत दुखलं-खुपलं की पोकेमॉन जवळची बेरी खाऊन टाकणार, विषय संपला. खरी चव आली २००२ च्या रुबी आणि सफायरमध्ये. तिखट, तुरट, गोड, कडू, आंबट अशा पाच चवी. इंग्रजी आवृत्तीत दुसरीला 'ड्राय' म्हटलंय आणि त्यावरून काहीच बोध होत नाही, पण मूळ जपानी शब्द 'शिबुई' म्हणजे चक्क तुरट. मराठी वाचकाला ही चव इंग्रजीवाल्यांपेक्षा लवकर समजते.

प्रत्येक पोकेमॉनला पंचवीसपैकी एक स्वभाव असतो आणि त्यातले पाच सोडले तर प्रत्येक स्वभावाची एक आवडती आणि एक नावडती चव ठरलेली असते. ॲडमंट स्वभावाच्या पोकेमॉनला तिखट आवडतं, तुरट चालत नाही. टिमिडला गोड हवं, तिखटाला तो नाक मुरडतो. हे मनाला येईल तसं ठरवलेलं नाही. तिखट हल्ल्याच्या ताकदीशी जोडलेलं आहे, गोड वेगाशी. ज्या स्वभावाने जी ताकद वाढते तिची चव आवडती, जी घटते तिची नावडती. म्हणजे एकाच जातीचे दोन पोकेमॉन शेजारी उभे केले तर एक ज्या बेरीवर ताव मारेल तिच्याकडे दुसरा बघणारही नाही. फिगी बेरीसारखी काही फळं तर अशी की चव नावडती निघाली तर तब्येत सुधारते, पण पोकेमॉन भर लढाईत गोंधळून जातो.

याचा सगळ्यात सुंदर वापर फीबास नावाच्या माशात आहे. दिसायला अगदी मरतुकडा, फाटक्या परांचा. मार्ग ११९ वरच्या नदीत फक्त सहा चौकटींत सापडतो, तेवढ्या चौकटी शोधायलाच संध्याकाळ जाते. लढवून लढवून तो पुढच्या रूपात बदलत नाही. त्याचं सौंदर्य वाढवावं लागतं आणि सौंदर्य वाढतं तुरट पोकेब्लॉक, म्हणजे बेरींच्या वड्या, खाऊन. पोकेब्लॉक आपणच करायचे: मऊ मातीत बेरी लावायची, पाणी घालायचं, पिकली की मिक्सरमध्ये टाकायची आणि फिरता काटा आपल्या खुणेवर आला की नेमकं बटण दाबायचं. जितकं नेमकं दाबाल तितकी वडी सरस. आता मेख अशी की प्रत्येक वडीबरोबर माशाची चकाकीही वाढते, आणि चकाकी भरली की तो तोंड मिटतो. मग काही केल्या खात नाही. माझा पहिला फीबास ॲडमंट होता, म्हणजे नेमकं तुरटच नावडतं. प्रत्येक वडीचा गुण त्याच्या अंगी कमीच लागला, पोट भरलं आणि सौंदर्य अपुरं राहिलं. तो कायमचा फीबासच राहिला. दुसरा पकडला तो मॉडेस्ट स्वभावाचा, तुरटाचा शौकीन. पुरेशा वड्या खाल्ल्यावर तो पुढच्याच लेव्हलला मिलॉटिक झाला. लांबसडक, नितळ अंगाचा तो जीव पडद्यावर आला तेव्हा मला त्याच्या पूर्वीच्या फाटक्या परांची आठवण झाली आणि खरंच गलबलून आलं. आवड ओळखून भरवलेल्या खाण्याने एखादा जीव असा पालटतो, हे मला दुसऱ्या कोणत्याही खेळाने इतक्या जवळून दाखवलेलं नाही.

२००६ च्या डायमंड आणि पर्लमध्ये वड्यांऐवजी पॉफिन आले. भांड्यातलं पीठ टचस्क्रीनवर लेखणीने घोटायचं. सुरुवातीला पातळ असताना घाई केली तर सांडतं, नंतर घट्ट झाल्यावर हात मंदावला तर करपतं, आणि मधेच ढवळायची दिशा बदलते. स्वभाव आणि चवींचं गणित तेच. हे आजच्या यंत्रावर हवं असेल तर २०२१ चे ब्रिलियंट डायमंड आणि शायनिंग पर्ल निन्टेंडोच्या स्विचवर आहेत, त्यांत पॉफिन आहेत.

पुढच्या खेळांत मात्र ताट एकत्र झालं. २०१९ च्या स्वोर्ड आणि शील्डमध्ये तळ ठोकून करी शिजवायची: आधी जाळ फुलवायचा, मग ढवळायचं, शेवटी जीव ओतायचा. करीचे १५१ प्रकार आहेत आणि सर्वांत उत्तम करीला चारिझार्ड या पोकेमॉनच्या नावाचा दर्जा मिळतो. वेळ छान जातो, सगळ्यांची तब्येतही सुधारते, पण एकाच पातेल्यातलं सगळ्यांना. २०२२ च्या स्कार्लेट आणि व्हायलेटमध्ये सँडविच आहेत. त्यांचा मुख्य परिणाम असा की पुढची तीस मिनिटं आसपास कोणते जंगली पोकेमॉन दिसतील, चमकत्या रंगाचा मिळायची शक्यता किती, अंडी किती लवकर मिळतील हे बदलतं. हे हत्यार म्हणून फार उपयोगी आहे. दुर्मीळ रंगाचे पोकेमॉन गोळा करणाऱ्यांसाठी याहून चांगलं साधन मालिकेत नाही, आणि त्यासाठी लागणारा हर्बा मिस्टिका हा दुर्मीळ मसाला मिळवायला अवघड 'रेड' लढाया जिंकाव्या लागतात. पण खाण्याचा खरा धनी इथे खेळणारा आहे. पोकेमॉन सोबतीला बसतात, एवढंच. ज्याला भरवण्याची हौस आहे त्याने जुने खेळ घ्यावेत, ज्याला शोधायची हौस आहे त्याने नवे.

आता स्लाइम रँचर, जो १ ऑगस्ट २०१७ ला पूर्ण रूपात आला. यात लढाई नाममात्र आहे, खाऊ घालणं हाच खेळ. पाठीवरच्या यंत्राने स्लाइम, म्हणजे जेलीच्या गोळ्यांसारखे जीव, ओढून घ्यायचे, कुंपणात सोडायचे, त्याच यंत्राने त्यांच्यावर खाणं फेकायचं. स्लाइमने खाल्लं की लगेच त्याच्यातून प्लॉर्ट पडतो आणि तो बाजारात विकायचा. गुलाबी स्लाइम काहीही खातात, म्हणूनच त्यांच्या प्लॉर्टला भाव नाही. रॉक स्लाइम भाज्या खातात, टॅबी मांस, फॉस्फर फळं. शिवाय प्रत्येक जातीचं एक लाडकं खाणं असतं: रॉकला हार्ट बीट, टॅबीला स्टोनी हेन, फॉस्फरला क्यूबेरी, हनीला मिंट मँगो. लाडकं दिलं की एकाऐवजी दोन प्लॉर्ट. गुलाबीला लाडकं असं काहीच नाही, त्याला सगळंच गोड.

हा नियम एवढासा दिसतो, पण सगळं शेत त्याच्याभोवती फिरतं. एका वाफ्यात एकच पीक येतं, मग कोणाच्या लाडक्याला जागा द्यायची? मांस खाणाऱ्यांसाठी कोंबड्या पाळाव्या लागतात. पिल्लांना स्लाइम हात लावत नाहीत, पण घाईत सगळ्या मोठ्या कोंबड्या खाऊ घातल्या तर अंडी घालायलाच कोणी उरत नाही. एकाच जातीचे प्लॉर्ट भरभरून विकले तर बाजारात त्यांचा भाव पडतो, म्हणून चार तोंडं चार प्रकारची ठेवावी लागतात. आणि स्लाइमने दुसऱ्या जातीचा प्लॉर्ट खाल्ला की तो मोठा लार्गो होतो. लार्गो दोन्ही जातींचं खाणं खातो आणि दोन्हींचे प्लॉर्ट देतो.

धोकाही इथेच आहे. टॅबी आणि रॉकच्या लार्गोंचं कुंपण आणि शेजारी फॉस्फरचं, असं एकदा मी लावलं होतं. फॉस्फर तरंगतात आणि वर जाळी नसेल तर भिंत ओलांडतात. एक ओलांडून आला आणि त्याचा प्लॉर्ट लार्गोंच्या मधोमध पडला. सगळ्यात जवळच्या लार्गोने तो गिळला. तिसरा प्लॉर्ट पोटात गेलेला लार्गो टार होतो: काळाकुट्ट, अंगावर तेलाच्या तवंगासारखे रंग, आणि त्याची भूक दुसऱ्या स्लाइमांची. तो जवळच्याला उचलतो आणि खातो, आणि त्यातून टार वाढत जातात. उपाय पाणी. मी पाणी भरून येईपर्यंत अर्धं कुंपण रिकामं झालं होतं. तेव्हापासून शेजारी कोण ठेवायचा ते मी आधी ठरवतो, खाणं नंतर.

मात्र हे लक्षात ठेवा: इथे आवड जातीची आहे. दहा टॅबी म्हणजे दहा सारखी पोटं. 'हा माझा' असं वाटावं असा एक स्लाइम सहसा सापडत नाही.

पालवर्ल्ड १९ जानेवारी २०२४ ला अपूर्ण अवस्थेतच खुला झाला आणि तिथे खाणं म्हणजे कोठार सांभाळणं. तळावरच्या पेटीत खाणं टाकायचं, भूक लागली की 'पाल' (या खेळातल्या जिवांचं नाव, भिंतीवरची पाल नव्हे) येऊन खाऊन जातात. कोण किती खातो हे प्रत्येक जातीच्या माहितीत चिन्हांनी दाखवलंय, आणि तळावर कोणाला कामाला ठेवायचं हे ठरवताना ते बघावंच लागतं. सगळ्यात समाधान देणारी गोष्ट म्हणजे रेड बेरीचा मळा: एक पाल पेरतो, दुसरा पाणी देतो, तिसरा तोडतो, कोणीतरी पेटीत नेऊन टाकतो आणि मग सगळे तेच खातात. घडी बसली की तासन्‌तास हात लावावा लागत नाही. पण नुसत्या बेरींवर मन रमत नाही, कामाचा ताण वाढतो, म्हणून शिजवलेलं चांगलं खाणं द्यावं लागतं. तेही ठेवून दिलं तर खराब होतं.

पिल्लं हवी असतील तर केक लागतो, एका अंड्याला एक. एका केकसाठी ५ पीठ, ८ रेड बेरी, ७ दूध, ८ अंडी आणि २ मध. दूध मोझरीनाकडून, अंडी चिकिपीकडून, मध बीगार्डकडून, पीठ गव्हाचं आणि दळणाला पाण्याचं काम जाणणारा पाल. एवढ्या एका केकमागे अख्खा तळ राबतो. ज्यांना साखळ्या जुळवायला आवडतात त्यांनी बिनधास्त हाच घ्यावा. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण काहींना ती खटकते: या खेळात पकडलेल्या पालचंच मांस करता येतं. सक्ती नाही, पण सोय आहे. घरातल्या लहानग्यासाठी घेत असाल तर हे ध्यानात असू द्या.

थोड्या वेळाचे खेळ दोन. नेको अत्सुमे २०१४ चा: अंगणात खाणं आणि खेळणी ठेवायची आणि फोन बाजूला ठेवायचा. मांजरं आपल्या मर्जीने येतात, जाताना मासे ठेवून जातात. महागडं खाणं ठेवलं की दुर्मीळ पाहुणे यायची शक्यता वाढते. टब्स नावाचा गुबगुबीत बोका येऊन सगळ्या खाण्याचा फडशा पाडून जातो, पण बदल्यात मासे भरघोस देतो. २०२३ च्या पोकेमॉन स्लीपमध्ये स्नोरलॅक्स या एकट्या ढेरपोट्या पोकेमॉनला भरवायचं: बाकीचे पोकेमॉन त्याच्यासाठी बेरी आणि साहित्य गोळा करतात, दिवसातून तीनदा पानं वाढायची, आणि सोमवार आला की पुन्हा पहिल्यापासून. तो किती तगडा झाला आणि तुम्ही किती झोपलात यावर सकाळी कोण भेटायला येणार ते ठरतं.

चूक झाली तर काय होतं, हे मात्र घेण्याआधी विचाराच. नेको अत्सुमेत खाणं संपलं तर अंगण रिकामं, बाकी काही बिघडत नाही. स्लाइम रँचरमध्ये कुंपण जातं, पण स्लाइम पुन्हा पकडता येतात. पालवर्ल्डमध्ये काम थंडावतं, पाल आजारी पडतात, औषध देऊन सावरता येतं. रुबी-सफायरमध्ये तोच एक जीव हातचा जातो, दुसरा पकडावा लागतो.

आणि १९९९ च्या डिजिमॉन वर्ल्डमध्ये तर तुमच्याकडे सोबती एकच असतो. त्याच्या डोक्यावर मांसाचं चित्र उमटतं तेव्हा तो भुकेला असतो, आणि तुम्ही तसेच पुढे चालत राहिलात तर ती चूक त्याच्या खाती जमा होते. तो पुढे काय बनणार हे ठरताना वजन आणि चुकाही बघितल्या जातात. कितीही नीट जपलं तरी काही दिवसांनी तो जातो आणि हातात पुन्हा अंडं येतं. ज्यांना एकाच जिवाची काळजी घ्यायची आहे त्यांना मी हाच सुचवतो. त्याच घराण्यातला २०१६ चा नेक्स्ट ऑर्डर तुमच्या यंत्रावर मिळत असेल तर त्यात असे दोन सोबती असतात, आणि कधीकधी दोघांच्या डोक्यावर तेच चित्र एकदम उमटतं.