शंभर मण्यांची गणितमाळ: पहिली-दुसरीच्या वर्गात वर्षभर वापरल्यानंतर

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कुणी मला विचारलं की गणितासाठी एकच साहित्य घ्यायचं तर काय घेऊ, तर मी गणितमाळ घ्या असंच सांगेन. आमची शाळा पाटण तालुक्यातल्या डोंगरी भागातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत माझ्याकडे बसतात. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भिंतीवर लावलेली माळ वार्षिक परीक्षा होईपर्यंत रोज हाताळली गेली. तिचा नेमका काय उपयोग झाला, कुठे ती कमी पडली आणि विकत घेताना किंवा घरी ओवताना काय बघायचं, ते सविस्तर लिहिते.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: एका दोरीत शंभर मणी, दहा लाल, मग दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे ओवलेले. सोबत कपडे वाळत घालायचे चिमटे. एवढंच. नेदरलँड्समध्ये गणितज्ञ हान्स फ्रॉइडेन्थाल यांच्या विचारातून जे गणितशिक्षण उभं राहिलं त्यात अशा माळांचा भरपूर वापर झाला, आणि आपल्याकडे दिल्लीच्या जोडोज्ञान संस्थेने ती शाळाशाळांत पोचवली. आता आपल्या बऱ्याच शाळांत गणित पेटीतून, म्हणजे शाळेला मिळणाऱ्या साहित्याच्या संचातून, ती येते.

माळेचा खरा फायदा हा की मूल विचार कसा करतंय ते शिक्षकाला डोळ्यांनी दिसतं. पाटीवर ३८ लिहिलं की ते बरोबर किंवा चूक, एवढंच कळतं. पण 'अडतीसवर चिमटा लाव' म्हटलं की पाच मुलं पाच वाटांनी जातात. पहिलीतला एकजण एकपासून प्रत्येक मणी बोटाने सरकवत निघाला. दुसऱ्याने दहा, वीस, तीस म्हणत तीन रंग ओलांडले आणि पुढे आठ मोजले. दुसरीतल्या एका मुलीने थेट चाळीस गाठले आणि दोन मणी मागे आली. "बाई, अडतीस म्हणजे चाळीसच्या दोन अलीकडं." उत्तर तिघांचंही बरोबर. पण पहिल्याला अजून दहाचा गट दिसत नाही, दुसऱ्याला दिसतो आणि तिसरीला संख्यांची शेजारपाजारची नातीही दिसतात. पुढच्या आठवड्यात कुणाकडून काय करून घ्यायचं, ते मला तिथल्या तिथे कळलं. यासाठी वेगळी चाचणी लागली नाही.

एक गोष्ट सुरुवातीपासून काटेकोर पाळावी: चिमटा मण्यावर लावू द्यायचा नाही, मण्याच्या पुढच्या फटीत लावायचा. ३८ म्हणजे अडतिसावा मणी नव्हे, सुरुवातीपासून चिमट्यापर्यंतचे सगळे मणी. हे ठसलं नाही तर पुढे बेरीज-वजाबाकीत उत्तर एकाने चुकत राहतं आणि कारण सापडत नाही.

एकोणतीस, एकोणचाळीसचा घोळ प्रत्येक दुसरीच्या वर्गात असतो. मूल 'तीस' ऐकतं आणि ३९ लिहितं. माळेवर एकोणतीस तीसच्या बरोबर एक मणी अलीकडे असतो आणि मूल तिथे बोट ठेवू शकतं. वीस, तीस, चाळीस असे चिमटे लावून ठेवायचे आणि 'एकोण'वाल्या सगळ्या संख्या एका ओळीत शोधायला सांगायच्या. एकोणनव्वदपर्यंत सगळं सुरळीत जातं आणि ९९ ला मुलंच थांबवतात, कारण नव्याण्णव त्या रांगेत बसत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी 'वीस एक' अशा पद्धतीने संख्या वाचायचा पर्याय आला तेव्हा केवढा वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे समजावून सांगत होत्या की जोडाक्षरांची आणि आकड्यांच्या उलट क्रमाने बोलली जाणारी संख्यानावं मुलांना अवघड जातात. त्यांचं म्हणणं मला वर्गात दररोज पटतं. माझ्याकडे दोन्ही वाचनं चालतात. 'सत्तर दोन' म्हणत मूल सत्तरवरून दोन मणी पुढे जातं आणि तिथे पोचल्यावर त्याला 'बहात्तर' सांगितलं की ते नाव त्या जागेला चिकटतं.

सगळ्यात जास्त फरक मला वजाबाकीत दिसला. ५२ − ४८ हे उदाहरण उभं मांडलं की 'दोनातून आठ जात नाहीत' इथून सुरुवात होते, मग दशक सुटा करायचा, मग बारातून आठ गेले चार, मग चारातून चार गेले शून्य. माळेवर ४८ ला एक चिमटा, ५२ ला दुसरा. मध्ये किती? दोन लाल, दोन पांढरे, चार. वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधलं अंतर हेही मुलांना कळलं पाहिजे, फक्त 'काढून टाकणं' नव्हे. उलट ५२ − ३ ला मुलं आपणहून मागे सरकतात. कुठे मागे यायचं आणि कुठे पुढे जायचं हे मूल स्वतः ठरवायला लागलं की समजायचं, त्याला वजाबाकी कळली. उभी मांडणी मी शिकवतेच, पण दिवाळीनंतर, आणि तेव्हा ती निम्म्या वेळात शिकवून होते.

बेरजेत ८ + ५ सारखी उदाहरणं बोटं न मोजता सोडवायला मदत झाली. आठनंतर लाल रंगाचे दोनच मणी उरतात, ते आधी घ्यायचे, मग पांढरे तीन. रंग बदलतो तिथे दहा पुरे झाले हे न सांगता कळतं. २७ + १५ ला कुणी २७ वरून ३०, ४०, ४२ असं गेलं, कुणी आधी ३७ आणि मग ४२. दोन्ही रीती फळ्यावर लिहायच्या आणि ज्याने शोधली त्यालाच सांगायला लावायचं. इथे शिक्षकाने गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे. आपणच चिमटा हातात घेऊन दाखवत बसलो तर माळेचा काहीही उपयोग नाही.

वर्गाचा सर्वांत आवडता खेळ 'माझ्या मनातली संख्या'. एका मुलाने संख्या मनात धरायची, बाकीच्यांनी मोठी की लहान एवढंच विचारायचं. दोन चिमटे दोन टोकांना, आणि प्रत्येक उत्तराबरोबर ते जवळ जवळ आणायचे. सुरुवातीला मुलं सतरा, एक्काण्णव, पाच अशी वाटेल ती संख्या बोलतात. मग एके दिवशी सहसा न बोलणाऱ्या एका मुलाने आधी पन्नास विचारलं, उत्तर 'मोठी' आल्यावर पंचाहत्तर विचारलं. त्या दिवसापासून सगळ्या वर्गाला मधली संख्या शोधायचा नाद लागला. मधली संख्या शोधायला अर्धं करावं लागतं, आणि हे सात वर्षांचं मूल कुणी न सांगता करतंय, याचा मला अतिशय आनंद आहे.

आणखी एक करून बघा. ६४ वर चिमटा लावायचा आणि पुढचे मणी ओढणीने झाकायचे. झाकलेले किती? सहा मणी सत्तरपर्यंत, मग तीस, छत्तीस. दुकानात शंभरची नोट देऊन ६४ रुपयांची खरेदी केली तर परत किती, हे मुलांनी स्वतःच जोडलं.

दोन वर्ग एकत्र असताना वेळ कसा बसवायचा हा प्रश्न सगळेच विचारतात. परिपाठ झाला की पहिली दहा मिनिटं दोन्ही वर्ग माळेपाशी. पहिलीला ५० च्या आतलं काम, दुसरीला पुढचं. त्यानंतर दुसरी जोडीने बसते, एकाने संख्या सांगायची, दुसऱ्याने माळेवर दाखवायची, आणि मी पहिलीकडे वळते. पहिलीच्या मुलांसाठी मी वीस मण्यांच्या छोट्या माळा केल्यात, पाच-पाच मण्यांवर रंग बदलणाऱ्या. सात म्हणजे पाच आणि दोन हे त्यात एका नजरेत दिसतं. मोठी माळ एक आणि या छोट्या माळा जोडीला एक, एवढं पुरतं.

आता जिथे ती कमी पडते त्याबद्दल. माळ क्रम आणि अंतर छान दाखवते, पण स्थानिक किंमत एकट्या माळेने येत नाही. ४२ मध्ये चार दशक आणि दोन सुटे आहेत हे समजायला काड्यांचे गठ्ठे लागतातच. दहा काड्यांना रबर लावायचं आणि गरज पडली की ते सोडवायचं, ही कृती मुलांच्या हातून झाली पाहिजे. शिवाय माळ शंभरला संपते. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंत संख्यावाचन अपेक्षित आहे, त्यामुळे दुसऱ्या सत्रात मी १, १० आणि १०० च्या खेळातल्या नोटांवर जाते. गुणाकारालाही ती थोडीच चालते. तीन-तीनच्या, पाच-पाचच्या उड्या होतात. नऊच्या पाढ्यात मात्र मजा येते: ९, १८, २७, दर वेळी रंग संपायच्या एक, दोन, तीन मणी अलीकडे. पाढे पाठ करून घ्यायला त्याने सुट्टी मिळत नाही, आणि मिळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका आजोबांनी विचारलं, "बाई, पोरगं मणी मोजत बसलं तर परीक्षेत काय करणार? तिथं माळ हाय का?" प्रश्न अगदी रास्त आहे. याचं उत्तर म्हणजे रिकामी संख्यारेषा. मुलांना माळेची सवय झाली की वहीत एक आडवी रेघ मारायला सांगायची, त्यावर आकडे नाहीत, खुणा नाहीत. २७ + १५ साठी मूल स्वतः २७ लिहितं, कमानी काढून ३०, ४०, ४२ वर उड्या मारतं. मार्चपर्यंत दुसरीतली बहुतेक मुलं माळेकडे न बघता असं करत होती. जी दोघं-तिघं अजून माळेकडे जातात त्यांना मी अडवत नाही. या टप्प्यावर माळ लांब टांगून, नुसती नजरेने बघू देणं उपयोगी पडतं.

खरेदीबद्दल. मी आधी एका प्रदर्शनातून तयार माळ घेतली होती. तिच्यात सातव्या गटात अकरा मणी निघाले. मुलांनीच ते पकडलं, कारण ६९ आणि ७० चा मेळ बसेना. तयार माळ घ्यायची तर दुकानातच प्रत्येक रंग मोजून घ्या. नंतर मी स्वतः ओवली, आणि तीच टिकली. मणी साधारण २ सेंटिमीटरचे हवेत, म्हणजे माळ २ मीटरची होते आणि मागच्या बाकावरूनही दिसते. दोरी नायलॉनची. आमच्याकडच्या पावसात सुती दोरी ओल धरते, मणी सरकेनासे होतात. लाकडी मण्यांचा रंग हाताच्या घामाने उडाला, प्लास्टिकचे तसेच राहिले. मण्यांखेरीज वीतभर दोरी मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर चिमट्याला फट मिळत नाही. जास्त ठेवली तर माळ लोंबते. आणि खिळे मुलांच्या छातीच्या उंचीवर ठोका. माळ फळ्याच्या वर टांगलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत, तिथे मुलांचा हातच पोचत नाही.

मण्यांच्या अंगावर आकडे छापलेल्या माळा मिळतात, त्या घेऊ नका. आकडा वाचून चिमटा लावला की विचार करायचं कारणच उरत नाही.

तिसरी-चौथीच्या शिक्षकांनी ही नव्याने घ्यावी असं मी म्हणणार नाही, त्यांच्या पैशात काड्या, नोटा आणि अपूर्णांकाच्या पट्ट्या येतील. पण तिसरीत आलेलं मूल ४० च्या आधी काय येतं यावर अडकत असेल, तर पहिली-दुसरीच्या वर्गातून माळ मागून आणा आणि त्याच्याशी रोज दहा मिनिटं 'मनातली संख्या' खेळा. शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून शैक्षणिक साहित्यासाठी खर्च करता येतो, मणी-दोरीचं बिल त्यात बसतं. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी माळ नेली होती, तिथल्या काही शिक्षकांनी सुट्टीत ओवून ठेवायचं ठरवलं आहे. मी यंदा दुसरीसाठी आणखी एक मोठी माळ करणार आहे, सगळे मणी एकाच रंगाचे, म्हणजे रंगाचा आधार काढल्यावर मुलं अंदाजाने कितपत जवळ जातात ते पाहता येईल.