मोठं शिल्प साइटवर जोडताना: स्लॉट, लेव्हलिंग नट की वेल्डिंग?

आठ मीटर उंच पोलादी शिल्प तुकड्यांतच साइटवर जातं. वर्कशॉपमध्ये हाताने शिरणारे बोल्ट क्रेनला लटकलेल्या तुकड्यात मात्र शिरत नाहीत. मग गॅसकटर निघतो. तो निघू नये म्हणून सांध्यात हलायला जागा ठेवायची. प्रश्न एवढाच, की कुठे आणि कशी.

स्लॉट होल, म्हणजे बोल्टसाठी लांबट छिद्र, सगळ्यात सोपं. पोलादी बांधकामाच्या भारतीय कोडनुसार (आयएस 800:2007) 20 मिमी बोल्टला नेहमीचं छिद्र 22 मिमीचं, छोटा स्लॉट 26 मिमी लांब. एका प्लेटला आडवा, दुसरीला उभा स्लॉट दिला की दोन्ही दिशा मिळतात. पण सांधा सरकतोही. त्याला घर्षणावर धरणारे हाय-टेन्साइल बोल्टच हवेत, आणि तरी कोड छोट्या स्लॉटची पकड नेहमीच्या छिद्राच्या 0.85 पटच धरतो. बळाच्या दिशेने लांब स्लॉट असेल तर 0.7. शिवाय फटीत पाणी मुरतं. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा तांब्याचा पत्रा आयफेलच्या लोखंडी पट्ट्यांवर सरकता ठेवला होता. मधलं इन्सुलेशन गेलं, पट्ट्या गंजून फुगल्या, रिव्हेट उपटले. 1986 पर्यंत त्या बदलून स्टेनलेस कराव्या लागल्या.

तळाशी लेव्हलिंग नटला, म्हणजे पायातल्या बोल्टवर तळप्लेटखाली बसणाऱ्या, फिरवून उंची जमवायच्या नटला तोड नाही. 24 मिमी बोल्टचा आटा 3 मिमीचा, म्हणजे एका फेऱ्यात नट 3 मिमी सरकतो. बोल्ट 400 मिमी अंतरावर असतील आणि एका बाजूचे नट दोन-तृतीयांश फेरा फिरवले, तर आठ मीटरवरचं टोक तब्बल 40 मिमी हलतं! एवढं समायोजन वर कुठलाच सांधा देणार नाही. ओळंबा जमला की तळप्लेटखाली ग्राउट (पातळ सिमेंट मिश्रण) लगेच भरून घ्या. ‘उद्या भरू’ म्हणणारे बरेच भेटतात.

शिम, म्हणजे फटीत सारायच्या पातळ पट्ट्या, स्वस्त, पण फट एकाच दिशेची भरतात.

वेल्डिंगचा सांधा दिसत नाही, म्हणून शिल्पकारांना तोच आवडतो. मात्र वेल्ड थंड होताना प्लेट ओढतो, गॅल्व्हनायझिंग (गंज रोखणारा झिंकचा थर) जाळतो, आणि प्रदर्शनासाठी शिल्प पुन्हा उघडायचं असेल तर तो पर्यायच बाद.

मला विचाराल तर तळाला लेव्हलिंग नट. मधले सांधे वर्कशॉपमध्ये दोन्ही प्लेट एकत्र धरून ड्रिल केलेले, घट्ट. स्लॉट फक्त शेवटी जुळणाऱ्या सांध्याला, म्हणजे कमानीचे दोन हात जिथे भेटतात तिथे. साठलेली सगळी चूक तिथेच येऊन उभी राहते. जुळवणी झाली की त्या स्लॉटवर नेमक्या छिद्राची जाड वॉशर-प्लेट वेल्ड करा आणि जळलेल्या जागी झिंक पेंट मारा.