शांघायच्या जुन्या गायिका: सुरुवात कुणापासून करायची?

'इन द मूड फॉर लव' बघितला, त्यात रेडिओवर एक जुनं चिनी गाणं लागतं ते डोक्यात बसलं, आता पुढे काय ऐकू, असं विचारणारे मला अधूनमधून भेटतात. ते गाणं झोउ श्वानचं, आणि सिनेमाचं चिनी नाव सुद्धा त्याच गाण्याचं नाव आहे. मग साहजिकच सगळे सांगतात की झोउ श्वानपासून सुरू कर. माझं मत जरा वेगळं आहे, पण आधी थोडं बॅकग्राऊंड.

१९३० आणि ४० च्या शांघायमध्ये चिनी लोकगीतांच्या चालीखाली फॉक्सट्रॉट, रुंबा वगैरे परदेशी नाचांचा ठेका घालून जी गाणी निघाली त्यांना 'शिदाइछू' म्हणतात, म्हणजे त्या काळाची गाणी. बहुतेक रेकॉर्ड पाथे कंपनीच्या, स्टुडिओ शू-ज्या-हुइ भागातल्या एका लाल बंगल्यात, तो बंगला अजून आहे. तबकडी ७८ आरपीएमची, म्हणून प्रत्येक गाणं तीन मिनिटांच्या आसपास आटोपतं. (ती तबकडी लाखेची, आणि तेव्हा जगाला लाख पुरवण्यात भारत पुढे होता, तेवढंच आपलं नातं.) त्या काळातल्या सात गायिकांना मिळून 'सात मोठ्या तारका' म्हणतात, पण पहिल्याच आठवड्यात सातही ऐकायला गेलात तर सगळ्या सारख्याच वाटतील, म्हणून मी चौघीच घेतल्यात.

झोउ श्वान म्हणजे 'सोनेरी गळा'. १९३७ च्या 'स्ट्रीट एंजल' सिनेमात ती खिडकीत बसून गाते आणि गल्लीपलीकडच्या खिडकीत नायक चाओ दान एर्हू (दोन तारांचं, गजाने वाजवायचं चिनी वाद्य) वाजवतो, तो सीन एकदा बघाच. आवाज बारीक, नाजूक, अगदी माईकच्या जवळचा. ती ताकद लावतच नाही, कानात गुणगुणल्यासारखं गाते आणि त्यातच तिची कमाल आहे. पण हे कळायला वेळ लागतो! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आवाज लहान मुलीसारखा वाटतो, त्यात रेकॉर्डची खरखर, दोन गाण्यांत माणूस कंटाळतो. मी स्वतः पहिल्यांदा ऐकून बंद केलं होतं आणि वर्षभर परत हात लावला नव्हता. नंतर १९४० च्या दशकातली ऐकली, 'शांघायची रात्र' वगैरे, तिथे आवाज खाली आलाय, थोडा दमलेलाही आहे, आणि मग मात्र सुटका नाही. बाईचं आयुष्य फार वाईट गेलं, मानसिक आजारात शेवटची वर्षं, १९५७ मध्ये शांघायमध्येच गेली, चाळिशी पण गाठली नाही.

बाय ग्वांग बरोब्बर उलटी. सगळ्याजणी वरच्या पट्टीत गात असताना ही खर्जात, आळसावल्यासारखी, शब्द ओढत, जणू गाणं संपलं काय आणि नाही संपलं काय तिला फरक पडत नाही. सिनेमात पण खलनायिका, पुरुषांना नादी लावणाऱ्या बायका अशाच भूमिका जास्त. 'तू परतायची वाट बघतेय' हे तिचं गाणं 'क्रेझी रिच एशियन्स' या सिनेमात नव्या गायिकेच्या आवाजात आहे, ते ऐकून मग मूळ ऐका, नवीन छान आहे पण मूळ गाण्यात जो बेफिकीरपणा आहे तो त्यात नाही. जॅझ किंवा गझल ऐकणाऱ्याला ही लगेच पटते.

याओ ली ही एक नसून दोन गायिका आहेत असं समजा. शांघायची याओ ली उंच, गोड, झोउ श्वानच्या वळणाची, म्हणून तिला 'चंदेरी गळा' म्हणायचे. १९४० चं 'गुलाबा गुलाबा' तिचंच, जे १९५१ मध्ये अमेरिकन गायक फ्रँकी लेनने इंग्रजीत गायलं आणि अमेरिकन चार्टवर तिसऱ्या नंबरपर्यंत नेलं. नंतर कम्युनिस्ट राजवटीत ही सगळी गाणी 'पिवळं संगीत' म्हणजे अश्लील ठरली, पाथे कंपनी आणि बरेच कलाकार हाँगकाँगला गेले, त्यात ही पण होती, आणि तिकडे ती अमेरिकन गायिका पॅटी पेजच्या प्रभावाने खालच्या सुरात, मोकळं गायला लागली. हाँगकाँगची रेकॉर्डिंग पण जास्त स्वच्छ. मला ही दुसरी याओ ली जास्त आवडते, जुने चाहते मारतील मला.

राहिली ली श्यांगलान. गळा सगळ्यात तयार हिचा, लहानपणी ऑपेराची तालीम घेतलेली, आणि 'ये लाय श्यांग'मध्ये (१९४४, नावाचा शब्दशः अर्थ काढला तर आपला 'निशिगंध'च होतो) ते लख्ख ऐकू येतं. पण तिची गोष्ट गाण्यापेक्षा मोठी होऊन बसलीय. ती मूळची जपानी, मांचुरियात (चीनचा ईशान्य भाग) जन्मलेली योशिको यामागुची, चिनी नाव घेऊन जपानच्या प्रचारपटांत काम करायची. युद्ध संपल्यावर चीनशी गद्दारी केली म्हणून अटक झाली, पण गद्दार ठरायला आधी चिनी असावं लागतं, आणि ती जपानी असल्याचा कागद एका रशियन मैत्रिणीने बाहुलीत लपवून आणला म्हणून वाचली. पुढे ती जपानच्या संसदेत १८ वर्षं होती. तिने नंतर त्या सिनेमांबद्दल माफी मागितली, तरी काहींना ती ऐकवत नाही आणि मला ते समजू शकतं.

तर निवड कशी करायची? बारीक आवाज झेपत नसेल तर बाय ग्वांग, गाणं गुणगुणता यावं, गाडीत लावता यावं असं हवं असेल तर हाँगकाँगची याओ ली, तयारीचा गळा हवा तर ली श्यांगलान. झोउ श्वान तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात.

आणि तरीही ठरत नसेल तर एकच करा, 'तू परत कधी येशील' हे १९३७ चं गाणं आधी झोउ श्वानचं, मग ली श्यांगलानचं, मग तैवानच्या तेरेसा तेंगचं असं लागोपाठ लावा, दहा-बारा मिनिटं लागतील. तेरेसा ही या चौघींच्या नंतरच्या पिढीची, रेकॉर्डिंग मऊ आणि चकचकीत, त्यामुळे सगळ्यांना तीच पहिल्यांदा आवडते, त्यात लाज वाटायचं कारण नाही. फक्त जुन्या गाण्यांवर नंतर ड्रम आणि सिंथ चढवलेले जे 'स्टिरिओ' व्हर्जन फिरतात ते टाळा, खरखर असलेलंच घ्या.