लाइव्ह मॅचची क्वालिटी मोजायची तर व्हीमॅफ, माणसं की प्लेअरचा लॉग?

गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धा आता यूट्यूबवर लाइव्ह असतात आणि स्ट्रीमवाला बदलायचा, नवा एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर) घ्यायचा की आहे त्यावरच बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) वाढवायचा असा विषय निघाला की जो तो आपापल्या मोबाइलवर बघून मत ठोकतो, एक म्हणतो क्लिअर आहे, दुसरा म्हणतो चौकोन फुटतायत. नीट मोजायचे रस्ते तीन, पण प्रत्येक जण वेगळ्याच जागचा बिघाड पकडतो, हे माहीत नसेल तर आकडा झकास येतो आणि चॅटमध्ये शिव्या चालूच.

पहिला रस्ता व्हीमॅफ, म्हणजे व्हिडिओची क्वालिटी मोजणारं सॉफ्टवेअर. नेटफ्लिक्सने 2016 मध्ये ओपन सोर्स केला, फुकट आहे, एफएफएमपेग या व्हिडिओ टूलमधून चालतो. मूळ व्हिडिओ आणि एन्कोड केलेला व्हिडिओ फ्रेमला फ्रेम लावून 0 ते 100 मध्ये मार्क देतो, आणि माणसांनी दिलेल्या मार्कांवरच ट्रेन केल्यामुळे पीएसएनआर या जुन्या, नुसत्या गणिती मापापेक्षा डोळ्याच्या बराच जवळ जातो. दोन एन्कोडर किंवा दोन बिटरेट यातून एक निवडायचं असेल तर बिनधास्त हाच वापरा, साधारण 6 मार्कांचा फरक असला की बघणाऱ्यालाही तो जाणवतो असं धरतात.

पण खेळात याच्या खोड्या खूप. सरासरीवर तर अजिबात जाऊ नका. समजा बॉलर रनअपकडे चाललाय, कॅमेरा स्थिर, मार्क 95, मग फटका बसतो, कॅमेरा गर्रकन फिरतो, सगळं गवत हलतं आणि मार्क 60 ला आपटतात, तरी अख्ख्या ओव्हरची सरासरी 90 च्या आसपासच दिसणार, आणि लोकांना बघायचे असतात ते नेमके तेच चार सेकंद. त्यामुळे सगळ्यात वाईट फ्रेम वेगळ्या काढून बघा. मधेच एक फ्रेम ड्रॉप झाली तर पुढच्या सगळ्या जोड्या सरकतात आणि मार्क कोसळतात, बिचाऱ्या एन्कोडरचा काही दोष नसताना. रंग तर तो तपासतच नाही, फक्त उजेडाचा भाग बघतो, म्हणजे जर्सीच्या लाल रंगाचे ठोकळे झाले तरी त्याला पत्ता नाही. शिवाय शार्पनिंग मारून मार्क फुगवता येतात, ते टाळायला एनईजी नावाचं वेगळं मॉडेल आहे, डेमोत कोणी व्हीमॅफचा आकडा फेकला की कुठल्या मॉडेलचा ते आधी विचारा.

आणि खरी गोम पुढेच. मूळ व्हिडिओच त्याच्या लेखी परफेक्ट, म्हणजे कॅमेऱ्यातच जे बिघडलं ते त्याला दिसणारच नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे फ्लडलाइट सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, कॅमेरा सेकंदाला 60 फ्रेम आणि 1/60 सेकंद शटरवर राहिला की नाइट मॅचमध्ये चित्र लुकलुकतं, आणि व्हीमॅफ 96 देऊन मोकळा. (25 किंवा 50 फ्रेम, शटर 1/50 किंवा 1/100, एवढं केलं तरी निम्मी तक्रार जाते.) वर यूट्यूब तुमचा व्हिडिओ परत एन्कोड करतं ते वेगळंच, तेही या मार्कात धरलेलं नसतं.

दुसरा रस्ता माणसांना दाखवून मार्क घ्यायचा, ही रीत सगळ्यात जुनी, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.500 आणि पी.910 या नियमावल्यांमध्ये ती लिहून ठेवलीय. साधारण 10 सेकंदांच्या क्लिप, क्रम उलटसुलट, प्रत्येक क्लिपला 1 ते 5 मार्क, मग सरासरी. बीटी.500 निदान 15 माणसं घ्या म्हणतं. वेळ जातो, पण लुकलुकणं, झटके, रंग, चढाईत हात लागला की नाही ते दिसतंय का, सगळं यात पकडलं जातं. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठानेही वेगवान खेळांच्या लाइव्ह क्लिपमध्ये फ्रेम ड्रॉप, फ्लिकर (लुकलुकणं), इंटरलेसिंग (एकाआड एक ओळींची फ्रेम) असले बिघाड मुद्दाम घालून माणसांकडूनच मार्क घेतले. फक्त व्हिडिओ एडिटिंग करणारे मित्र बसवू नका, ते नको तिथे नको तेवढं बघतात, आणि स्वतःच्या टीमची मॅच दाखवू नका, जिंकली की क्वालिटीही भारी वाटते.

तिसरा रस्ता प्लेअरच्या लॉगचा, म्हणजे बघणाऱ्याच्या मोबाइलमधल्या प्लेअरने ठेवलेल्या नोंदींचा, त्याचं स्टँडर्ड आयटीयूचं पी.1203. याचा सगळ्यात साधा मोड चित्राकडे बघतच नाही, बिटरेट, रिझोल्यूशन, फ्रेमरेट आणि लोडिंगचं गोल किती वेळ फिरलं यावरून 1 ते 5 मार्क काढतो. अडकणं मोजायला हाच हवा, बाकीच्या दोघांना ते सहसा दिसतच नाही. पण 2 एमबीपीएसचं भाषण आणि 2 एमबीपीएसची कबड्डी या मोडला सारखीच, आणि प्रेक्षकांचे लॉग हातात यायला स्वतःचं अ‍ॅप किंवा प्लेअर लागतो, यूट्यूबवाल्यांनी हा नाद सोडावा.

स्वतःचं अ‍ॅप असेल तर रोज लॉग आणि सेटिंग बदलताना व्हीमॅफ. मंडळाची स्पर्धा असेल तर माझं मत सरळ आहे, 15 माणसं आणि त्यांचेच मोबाइल. त्यांना 1080 चं 25 फ्रेमवालं आणि 720 चं 50 फ्रेमवालं दोन्ही दाखवा, कबड्डीला मी तरी दुसरं घेईन.

उशीर मात्र तिघांपैकी कोणीच मोजत नाही. एचएलएस (व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवायची पद्धत) मध्ये 6 सेकंदांचे तुकडे, प्लेअर असे तीनेक जमवून सुरू होतो, म्हणजे 18 सेकंद तिथेच गेले आणि तोवर विकेटचा मेसेज ग्रुपवर आलेला असतो. यूट्यूबवर अल्ट्रा लो लेटन्सी (सगळ्यात कमी उशिराचं सेटिंग) केलं की हे कमी होतं, पण बफरही (आधीच जमवलेला व्हिडिओ) कमी उरतो, तेव्हा ग्राउंडवर एकाच सिमच्या नेटवर स्ट्रीम करणार असाल तर नॉर्मलच ठेवा.